दोन रेघांचा फोटो

दादूस माझी थट्टा करायचा त्याचा मला फारसा राग यायचा नाही. तो संध्याकाळी घरी जायचा, त्याचा यायचा. दिवस कलला की तो नळावर हातपाय धुवायचा, डोक्याचा टॉवेल सोडून झटकायचा, गाडीला किक मारायचा आणि नेरे गावाच्या रस्त्याला लागायचा. त्याचं घर इतकं जवळ की त्याच्या दारात गाडी बंद झाल्याचं मला नर्सरीत ऐकू येतं असं वाटायचं. मी पाण्याची नळी गुंडाळत उभा असायचो आणि मनात म्हणायचो, आता त्याची बायको दार उघडेल. त्याचं तोंड बघेल. दिवसभर काय झालं ते त्याला सांगावं पण लागणार नाही.

मी हिंगोलीकडचा. बायको आणि पोरगी तिकडंच. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून कामाला जुंपलेला माणूस मी. कामोठ्यात एका हॉटेलात कपबशा विसळल्या, मग एका इमारतीच्या गेटवर बसलो, आणि तिथून पनवेलजवळच्या या रोपांच्या नर्सरीत आलो. नर्सरीच्या मॅडम त्या इमारतीत कुणाकडं तरी यायच्या. गेटजवळच्या वाळक्या कुंड्यांना मी पाणी घालून त्या फुलवल्या होत्या, ते त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "चल माझ्याकडे." राहायला खोली दिली, गॅसची शेगडी दिली, थंडीत अंगावर घ्यायला घरातली चांगली चादर आणून दिली. एवढं कुणी मला कधी दिलं नव्हतं. म्हणून तर भीती वाटायची. फुकटात मिळालेलं माणूस जपून वापरतं, आणि तरी ते कधी परत मागतील असं वाटत राहतं.

दादूसचं तसं नव्हतं. तो गावचाच, आगरी. त्याचं नाव वेगळं, पण सगळे दादूसच म्हणायचे, गिऱ्हाईकं पण. फार्महाऊसवाल्या बायका मोठ्या गाडीतून उतरायच्या आणि मी समोर उभा असलो तरी विचारायच्या, "दादूस नाही का आज?" रोपं मी वाढवायचो. विकायचा तो. "ताई, ह्यो चाफा नेस ना, तर नवरा घराभाएर परनार नाय," असं काहीबाही बोलायचा आणि बाई हसत हसत दोन चाफे न्यायची. दुपारी त्याचा डबा उघडला की सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास शेडभर फिरायचा. मला द्यायचा तो, नाही असं नाही. मी खायचो. खाताना प्रत्येक घासाला वाटायचं, हे कुणीतरी याच्यासाठी सकाळी उठून केलंय.

मला तो लातूरवाला म्हणायचा. मी हिंगोलीचा आहे असं सांगून सांगून दमलो. त्याच्या लेखी तिकडचं सगळं लातूरच.

मग माझ्या अंगाला काहीतरी व्हायला लागलं. कधीपासून ते सांगता येत नाही, कारण हळूहळू झालं. आधी थंडी. भर मे महिन्यात, दादूस बनियन काढून पंख्याखाली बसलेला, आणि मी स्वेटर घालून. मग झोप. जेवण झालं की कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या पोत्यांवर पाठ टेकायचो आणि कुणी हलवल्याशिवाय जाग यायची नाही. सकाळी उठलं की डोळे सुजलेले, तोंड फुगलेलं. चालणं म्हाताऱ्यासारखं. नळी चालू ठेवून विसरायचो आणि सगळ्या वाफ्यात चिखल. आणि आवाज. माझा आवाज असा जड झाला, की जिभेला कुणी दगड बांधलाय. शब्द मनात पटकन यायचा, तोंडातून निघायला वेळ लागायचा.

"काय रं लातूरवाल्या," दादूस सकाळी गाडी लावता लावता म्हणायचा, "रातची उतरली नाय का अजून?"

मी पीत नाही. कधीच प्यालो नाही. हे मी त्याला सांगायचो, पण त्या जड जिभेनं "मी पीत नाही" असं म्हटलं, की ते ऐकायलाच पिलेल्या माणसासारखं वाटायचं. तो अजून हसायचा. बाजारातल्या एका डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी घसा बघितला, गुळण्या करायला सांगितल्या, अशक्तपणा म्हणून ताकदीचं औषध दिलं. ते पिऊन काही झालं नाही.

दादूसचं एक वेळ सोडा. घरी बायकोला पण तेच वाटायला लागलं.

आम्ही रोज संध्याकाळी बोलायचो. दिवसभर पोरीनं काय केलं, शेळी काय खायली, सगळं ती सांगायची, आणि मी हुं हुं करायचो. एक दिवस ती मधेच थांबली. "तुमी पिऊन बोलायलाव का?" मी म्हणालो, नाही गं. तिनं परत विचारलं. मी परत नाही म्हणालो, आणि दुसरं "नाही" पहिल्यापेक्षा पण जड निघालं. त्यानंतर ती फोन थोडक्यात आटपू लागली. पोरीला द्यायची नाही. झोपली म्हणायची, खेळायली म्हणायची, आणि मागून पोरीचा आवाज तर मला ऐकू यायचा. तिच्या माहेरात दारूनं काय काय झालंय ते मला माहीत होतं, म्हणून रागावता पण यायचं नाही. एवढ्या लांबून माणूस काय दाखवणार? आवाजच दाखवणार. आणि आवाजानंच दगा दिला होता.

तेव्हा दादूस गाडीला किक मारून निघाला की मी नळी गुंडाळायची सोडून त्या गाडीकडं बघत राहायचो. हा माणूस शनिवारी चांगली घोटभर घेतो, हे सगळ्या गावाला माहीत. आणि याच्या बायकोच्या मनात याच्याबद्दल काडीची शंका नाही. मी थेंबाला शिवत नाही, आणि माझी बायको पोरीला फोन देत नाही. देव पण गावकीच बघतो की काय, असं वाटायचं.

थंडीच्या सुरुवातीला मॅडम दादूसशी बोलताना मला ऐकू आलं. मी शेडच्या मागं कलमं बांधत होतो. मॅडम म्हणाल्या, "रात्री काही घेतो का रे तो? खरं सांग. गिऱ्हाईकासमोर बरं दिसत नाही." दादूस म्हणाला, "मना काय ठाव मॅडम. मी तं घरा असतो." मॅडम म्हणाल्या, खोलीत राहायला दुसरं कुणी मिळतं का बघून ठेव. दादूस लगेच म्हणाला, "माजा मेव्हना हाय ना, मोकलाच हाय."

लगेच. श्वास पण घेतला नाही मधे. कलमाची पट्टी माझ्या हातातून सुटली. याला घर आहे, बायको आहे, गाव आहे, गिऱ्हाईकं आहेत, आता माझी खोली पण याच्याच मेव्हण्याला. त्या दिवशी मी त्याच्या डब्यातलं काही खाल्लं नाही. त्याला ते कळलं पण नाही बहुतेक.

मॅडमना स्वतःला थायरॉईड होतं, बाळंतपणापासून. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायच्या. एका गुरुवारी कुरिअरनं त्यांचं एक खोकं आलं. त्यात घरच्या घरी रक्त तपासायची कार्डं होती, दोन, आणि बोटाला टोचायच्या बारक्या सुया. मॅडमनी ऑफिसच्या टेबलावर सगळं मांडलं, स्वतःचं बोट टोचलं, थेंब कार्डावर टाकला, वरून औषधाचे थेंब टाकले आणि चहा येईपर्यंत वाट बघितली. एकच रेघ आली. त्या खूश झाल्या. आम्हाला समजावून सांगितलं, की गळ्यात एक ग्रंथी असते, ती सुस्तावली की माणूस गारठतो, पेंगतो, केस गळतात, आणि मेंदू तिला हाका मारत राहतो, आणि त्या हाका रक्तात सापडतात. हाका फार झाल्या की कार्डावर दुसरी रेघ उमटते.

मग म्हणाल्या, "दादूस, दुसरं कार्ड तुझ्या बायकोचं करू. तिचा गळा मला सुजल्यासारखा वाटतो. बोलाव तिला."

बघा. परत त्याचंच. थंडी मला वाजत होती, झोप मला येत होती, केस माझे उशीवर पडत होते, आणि कार्ड त्याच्या बायकोला. आजार पण बघून बघून घरच्या माणसालाच द्यायचा. मॅडमबद्दल असं मनात आलं याची लाज वाटली, पण आलं ते आलं.

वहिनी आल्या. मी त्यांना वहिनीच म्हणायचो. बाई एकदम ठसठशीत, कपाळभर कुंकू, चालत आल्या तरी धापा नाहीत. मॅडमनी कार्डाचं पाकीट फाडलं, सुई हातात घेतली, तसा वहिनींनी हात मागं घेतला.

"ह्ये काय, रगत काडायचं हाय?"

"एक थेंब गं."

"आज नाय हो मॅडम. मार्गेसरचा गुरवार हाय. घरा घट मांडलाय. रगत काडून पुजंला कशी बसू?"

"अगं, पाकीट फाडलंय मी. उघडं राहिलं की वाया जातं ते."

"जावंदे वाया. लक्ष्मीला काय सांगू मंग?"

मॅडम हातात सुई घेऊन बसल्या. दादूस बायकोकडं बघून मान हलवत होता, पण तिच्यापुढं बोलायची त्याची छाती नव्हती. आणि मी बोललो. कुठून धीर आला माहीत नाही. "मॅडम, माझं करा."

दादूस फिस्सकन हसला. "याची तपासनी येगल्या मशीनवर करतान मॅडम. हायवेला पोलीस करतान ती. फुकायची."

"ती पण करा," मी म्हणालो. "दोन्ही करा. होऊन जाऊ द्या एकदाचं."

जरा मोठ्यानं बोललो असेन. कुणीच हसलं नाही. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, चेहऱ्याकडं, मग विरळ झालेल्या भुवयांकडं, बराच वेळ. आणि म्हणाल्या, "बस इथं."

आता पुढचं ऐका. रक्त येईना. पहिली सुई मधल्या बोटाला मारली, टक् असा आवाज आला, बोटावर नुसता ठिपका. दुसरी शेजारच्या बोटाला, तिथं पण तेच. खुरपं, कात्री आणि मातीनं माझ्या बोटांची टोकं जोड्याच्या टाचेसारखी झाली होती. एकच सुई उरली. मला रडू यायच्या बेतात होतं. एवढं मागून घेतलं, आणि अंगातून थेंब निघू नये?

मॅडमनी खोक्यातला कागद वाचला. हात गरम पाण्यात धरा, खाली सोडून झटका, असं लिहिलं होतं. वहिनींनी चहाचं आधण ठेवलं होतं, त्यातलं पाणी तांब्यात ओतून त्यात गार मिसळलं. दादूसनं माझा डावा हात धरून तांब्यात बुडवला आणि करंगळीजवळचं बोट चोळायला लागला, मुळापासून टोकाकडं, गाईच्या सडासारखं. त्याचा हात गरम होता. माझा पाण्यात असून गार. "आरं, बरफ हाय का हात," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यात थट्टा नव्हती. मॅडमनी बोटाच्या कडेला सुई मारली, आणि मिरीएवढा थेंब वर आला.

आम्ही चौघं त्या कार्डावर वाकून बसलो. एक रेघ आली. मग तिच्या शेजारी दुसरी दिसायला लागली, आधी पुसट, मग पहिलीपेक्षा गडद. मॅडम म्हणाल्या, "अरे, मी तुला..." आणि वाक्य सोडून दिलं. मग म्हणाल्या, यावर थांबायचं नाही, लॅबचा माणूस बोलावते, नीट रक्त काढू, मग डॉक्टर. तेवढं बोलून त्या उगाच कुंड्या मोजायला बाहेर गेल्या.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच. बायको. मोबाईल काढला आणि कार्डाचा फोटो काढून तिला पाठवला. लिहायला मला वेळ लागतो, आणि बोलायची तर भीतीच. म्हटलं फोटोच बोलेल. दोन रेघा, स्वच्छ. बघ म्हणावं, नवरा पीत नाही, आजारी आहे. मला असा आनंद झाला होता आजारी असल्याचा, की सांगता येत नाही.

चहा अर्धा झाला असेल, तिचा फोन आला.

"कुनाची हाय ती?"

"कोण?"

"कोन म्हनून मलाच इचारायलाव? दोन रेघा आल्यात. मला कळत न्हाई काय? पोरीच्या वक्ताला मीच न्हाई का बघितलं असलंच कार्ड? कोन हाय ती पनवेलची?"

मला क्षणभर काही उमगलंच नाही. मग उमगलं, आणि जीभ आणखीनच जड झाली. "अगं, ती... माझीच हाय."

"तुमची कशी असंल? तुमी काय बाई हाव का?"

"तसली नाही गं. गळ्याची. रक्त काढून..."

"पिऊन बोलायलाव! दिवसाढवळ्या! एक तर ती, वरून ही!" आणि ती रडायला लागली.

तिचा आवाज एवढा मोठा, की सगळ्यांना ऐकू गेलं. दादूसला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तो पोत्यांवर बसला, मग पोटावर हात धरून आडवा झाला. "लातूरवाल्याला दिवस गेलं," एवढंच म्हणायचा आणि परत हसायचा. मी नुसता फोन धरून उभा. वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला, नवऱ्याला "गप रं" म्हणाल्या, आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"ऐक गो पोरी. मी हितली हाय, याच्या जोरीदाराची बायको. रडू नको. ऐक पयलं."

आणि बोलत बोलत त्या आंब्याच्या कलमांकडं चालत गेल्या. मला ऐकू येईना. दिसत होतं. हात हलवत होत्या, मधेच आपलं बोट वर धरून दाखवत होत्या, जसं काही तिला तिकडं दिसतंय. मधेच हसल्या. म्हणजे तिकडून पण हसणं आलं असणार. माझ्या बायकोचं हसणं, जे मी किती महिन्यांत ऐकलं नव्हतं, ते या बाईला एका फेरीत मिळालं. मी एवढ्या शपथा घातल्या, पोरीची शपथ घातली. ही कोण कुठली, आवाज सुद्धा कधी ऐकलेला नाही, आणि हिचं खरं. मी वहिनींचे पाय धरायला पाहिजे होते. मी तिथं उभा राहून जळत होतो.

फोन परत आला तेव्हा तापलेला होता.

"हॅलो," मी म्हणालो.

बायकोनं नाक ओढलं. मग म्हणाली, "त्या मावशी म्हनल्या, तुमचा हात लई गार पडतोय."

"हाव."

"मंग मला कामून नाही सांगितलं?"

"मला तरी कुठं माहीत होतं?"

तिनं पोरीला हाक मारली. मग म्हणाली, "पोरीला देते."

पोरगी म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज आपल्या रेड्यावानी येतोय." मी म्हणालो, हाव गं बाई, तसाच येतोय. ती हसली. मी हसलो, तर ते पण रेड्यासारखंच निघालं, म्हणून ती अजून हसली.

नंतर लॅबचा माणूस आला. दंडाला पट्टा बांधून त्यानं शिरेतून रक्त घेतलं, माझं आणि वहिनींचं दोघांचं, गुरुवार नव्हता त्या दिवशी. माझ्या गळ्यातली ग्रंथी जवळजवळ झोपलेलीच निघाली. वहिनींचं काहीच निघालं नाही. त्यांचा गळा मुळातच भरलेला. त्याचा पण मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, उठल्याबरोबर पाण्यासोबत, चहा बऱ्याच वेळानं. पुरुषांना पण होतं हे, ते म्हणाले, फक्त कुणी बघायला जात नाही. मॅडमनी मेव्हण्याचा विषय परत काढला नाही. पहिल्या गोळ्यांची पाकिटं त्यांनीच आणून दिली आणि मला दुपारी जेवणानंतर झोपायची परवानगी दिली, तेव्हा मला झोप येईना.

हळूहळू स्वेटर निघाला. जीभ सुटली. पण दादूसची गोष्ट काही थांबेना. प्रत्येक गिऱ्हाईकाला तो सांगायचा, याला दिवस गेले होते, आणि वहिनींच्या गुरवारामुळं ते कळलं. बायका हसायच्या आणि रोपं न्यायच्या. आजार माझा, धंदा त्याचा. आणि बायको आता फोन करायची तो आधी वहिनींना. मी गोळी घेतली का, ते त्यांना विचारायची, मग मला. शेळी व्यायली ते मला दादूसकडून कळलं. दादूसकडून!

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पोरीला घेऊन आली. पनवेलच्या एसटी स्टँडवर मी पहाटेपासून उभा होतो. केस कापून घेतले होते, इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी लागली, माणसं उतरली, मागून ही उतरली, एका हातात पोरगी, दुसऱ्या हातात पिशवी, डोक्यावर पदर. मी पुढं झालो आणि पिशवीला हात घातला. तिनं पिशवी सोडली नाही. पोरीला खाली उतरवलं, माझ्या अगदी जवळ आली, एवढ्या गर्दीत, आणि टाचा उचलून माझ्या तोंडाचा वास घेतला.

बाजूनं माणसं जात होती. एक कंडक्टर बघत होता. मी हललो नाही. तिला नीट कळावं म्हणून तोंड जरा उघडलं.

"चहा पिलाव," ती म्हणाली.

"गोळीनंतर," मी म्हणालो.

मग तिनं पिशवी दिली.